रूळ कोणी टाकले आणि किती गेले?

सोलापूर जिल्ह्यात जेऊर नावाची दोन गावं आहेत. एक अक्कलकोट तालुक्यात आणि दुसरं करमाळा तालुक्यात. आजचा विषय करमाळ्याच्या जेऊरचा. करमाळा गावाला रेल्वे नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईला नोकरी करणारा करमाळ्याचा माणूस जेऊरलाच उतरतो. ज्यांनी रात्रीच्या गाडीने सोलापूर गाठलंय त्यांनी दौंड आणि कुर्डुवाडीच्या मधे झोपेत कधीतरी ही पिवळी पाटी पाहिली असेल. भिगवण, पारेवाडी, वाशिंबे, जेऊर, केम... ही नावं खिडकीतून पळतात आणि आपण कूस बदलून परत झोपतो.

जेऊरवरून पहिल्यांदा रेल्वे गेली ती २३ ऑक्टोबर १८५९ रोजी. त्या दिवशी जी.आय.पी. रेल्वेचा डिकसळ ते बार्शी रोड हा तुकडा सुरू झाला. (बार्शी रोड म्हणजे आपली कुर्डुवाडी.) मुंबई-ठाणे पहिली गाडी धावून तेव्हा जेमतेम साडेसहा वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी, जून १८६० मध्ये, रूळ सोलापूरला पोचले.

आता यात एक गंमत आहे. जेऊरला गाडी आली तेव्हा मुंबईहून जेऊरला सलग रेल्वेने येताच येत नव्हतं! कारण मधे बोरघाट होता, आणि तिथलं काम अर्धवट होतं. मुंबईहून निघालेला माणूस घाटाखाली उतरायचा, मग पालखी, तट्टू, बैलगाडी जे मिळेल त्याने घाट चढायचा आणि खंडाळ्याला परत गाडीत बसायचा. घाटातला मार्ग पुरा झाला तो थेट २१ एप्रिल १८६३ ला. म्हणजे सपाटीवरचे रूळ भराभर पुढे गेले आणि डोंगराने सात वर्षं खाल्ली.

सात वर्षंच नाही, माणसंही खाल्ली. किती, हा आजच्या लेखाचा विषय.

बोरघाटाबद्दल वाचायला बसलं की आकड्यांची चंगळ असते. चढ सुमारे पंचवीस किलोमीटर, उंची १,८३१ फूट, पंचवीस बोगदे, आठ मोठे व्हायाडक्ट. खोदकाम सोळा लाख घनयार्डांच्या वर, भराव अठरा लाख घनयार्डांच्या वर. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने लंडनमध्ये इंजिनियरांच्या संस्थेपुढे १८६० मध्ये निबंध वाचला, तोही असल्याच मोजमापांनी भरलेला. इंजिनियर म्हणून मला हे वाचताना मजा येते हे कबूल. ना धड यंत्रं, ना डिझेल, ना काँक्रीट. पहार, घमेलं, सुरुंगाची दारू आणि माणसं. एवढ्यावर सह्याद्री चढायचा म्हणजे खायचं काम नाही.

पण याच कागदांत मेलेल्या मजुरांची यादी शोधायला गेलात तर ती सापडत नाही. १८६१ च्या सुमाराला घाटात ४२ हजार माणसं कामावर होती. बायका होत्या, पोरं होती. कड्यावरून दोराने खाली सोडलेली माणसं लोंबकळत खडकात भोकं पाडायची आणि त्यात दारू ठासायची. खाली झोपड्यांच्या वस्त्या, पिण्याच्या पाण्याचा पत्ता नाही, पावसाळ्यात चिखल, आणि मग कॉलरा. यात मृत्यू किती? हजारोंत, एवढं सगळे इतिहासकार मान्य करतात. पंचवीस हजारांपर्यंतचे अंदाज वाचायला मिळतात. पण ते अंदाजच. नंतरच्या लोकांनी त्रैराशिक मांडून काढलेले.

विचार करा. खडक घनयार्डात मोजला, कारण घनयार्डाचे पैसे द्यायचे होते. माणूस मोजला नाही, कारण त्याच्या मरणाचे पैसे कोणालाच द्यायचे नव्हते. मला वाटतं, कामगार सुरक्षेचा सगळा इतिहास या एका वाक्यात बसतो. पुढे जे काही झालं ते एवढंच, की हळूहळू, फार हळूहळू, माणूस मोजायची पाळी कोणावर तरी आली.

घाटाचं काम कंत्राटावर होतं. जानेवारी १८५६ मध्ये विल्यम फॅव्हिएल नावाच्या कंत्राटदाराने ते सुरू केलं. त्याच्याखाली गोरे उपकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम, मुकादमाखाली टोळी. कंपनीने पैसे वर सोडायचे आणि ते झिरपत झिरपत खाली यायचे. वाटेत बरेचसे जिरायचे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला, मजूर गोऱ्या सुपरवायझरांवर चालून गेले, त्यात एक युरोपियन मेला. सरकारने चौकशी केली. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडलं. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आला आणि काही आठवड्यांतच, १८५९ संपायच्या आत, आजारपणाने वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःकडे ठेवलं आणि दोन इंजिनियरांना हाताशी धरून घाट पुरा केला. बाईच्या हिमतीला दाद द्यायलाच हवी. पण यातून आणखी एक गोष्ट दिसते. मालक मेला तर त्याचं नाव, तारीख, वारस सगळं कागदावर येतं. त्याच साथीत मेलेल्या मजुराचं काहीच येत नाही.

बरं, या दंग्यांचा कायद्यावर काही परिणाम झाला का? झाला ना! १८६० साली 'मालक आणि कामगार (तंटे) कायदा' आला. रेल्वे, कालवे असल्या सार्वजनिक कामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढायचे, अशी सोय झाली. चांगली गोष्ट. पण त्याच कायद्यात मजुराने करार मोडून काम सोडलं तर तो गुन्हा ठरला. म्हणजे कॉलऱ्याच्या वस्तीतून उठून गावाकडे पळालात तर तुम्ही गुन्हेगार. आपल्याकडे नोटीस पीरियडवरून एच.आर. कटकट करतं तेव्हा मी हा कायदा आठवून गप्प बसतो. :-) हा कायदा १९३२ पर्यंत पुस्तकात होता.

त्याआधी १८५५ साली आणखी एक कायदा झाला होता, प्राणघातक अपघातांचा. कोणाच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना नुकसानभरपाईसाठी दावा लावता येईल, असा. कागदावर उत्तम. पण चूक सिद्ध करायची कोणी? घाटात नवरा गेलेल्या बाईने वकील लावायचा, कोर्टात जायचं आणि सिद्ध करायचं की सुरुंग अमक्याच्या हलगर्जीपणामुळे वेळेआधी उडाला. शिवाय इंग्लंडच्या कोर्टांनी १८३७ पासून एक तत्त्व धरून ठेवलं होतं, की सहकाऱ्याच्या चुकीने कामगाराला इजा झाली तर मालक जबाबदार नाही, कारण तो धोका पत्करूनच तो कामाला आलेला असतो. अपघात बहुतेक वेळा कोणा ना कोणा सहकाऱ्याच्या हातूनच होतो, त्यामुळे मालक बहुतेक वेळा सुटायचा.

इथून थोडं पुढे येऊ. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. सोलापूर जिल्हा आणि करमाळ्याचा पट्टा त्यात होरपळून निघाला. लोक दुष्काळी कामांवर गेले, रस्ते, तलाव आणि रेल्वेचे भराव. दौंड-मनमाड ही लाईन त्याच काळातली, १८७८ साली सुरू झालेली. सरकारचा दुष्काळ-दूत सर रिचर्ड टेंपल याने खर्च आवरायला म्हणून मजुरी कापली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. खुद्द मद्रास सरकारच्या डॉक्टरांनी सांगितलं की एवढ्यावर श्रमाचं काम करणारा माणूस टिकणार नाही. इकडे मुंबई इलाख्यात हजारो लोकांनी कामं सोडली, आणि पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. कामाचा धोका म्हटलं की आपल्याला यंत्र आठवतं. इथे धोका मजुरीतच होता.

सार्वजनिक सभेने काय केलं ते बघा. मोर्चा नंतर, आधी माहिती. कुठल्या कामावर किती माणसं, काय मिळतं, काय खातात. हे मोजणं पुढे फार उपयोगी पडलं.

आता या गोष्टीत माझा हिरो येतो. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला माणूस. सुरुवातीला रेल्वेत आणि पोस्टात नोकरी, मग मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपर, आणि मग 'दीनबंधु'चा संपादक. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा तोवर येऊन गेला होता. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या यांत्रिक कारखान्यांपुरता. सात वर्षांखालच्या पोरांना कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वयाच्यांना नऊ तासांच्या वर राबवायचं नाही, धोकादायक यंत्रांना कुंपण घालायचं, अपघात कळवायचे. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन केलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत असते. (१० जून १८९० ला गिरणी मालकांनी ती मान्य केली. दर १० जूनला व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड येतोच.) पण त्याच यादीत अजून एक मागणी होती, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मागणी अशी, की कामावर असताना कामगाराला मोठी दुखापत झाली तर तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची काहीतरी सोय करावी.

ही मागणी परत वाचा. त्यात चूक कोणाची हा शब्दच नाही! दुखापत कामावर झाली ना? मग पगार द्या. १८८४ साली, शाळकरी शिक्षणावर मोठा झालेला एक मराठी माणूस, जे तत्त्व इंग्लंडच्या पार्लमेंटने पुढे १८९७ साली मान्य केलं, ते चार ओळींत सांगून मोकळा झाला. त्याच १८९७ मध्ये मुंबईत प्लेगच्या रुग्णांसाठी काम करता करता लोखंडे प्लेगनेच गेले. त्यांना स्वतःला कामावरच मृत्यू आला म्हणायचं.

ती मागणी कायदा व्हायला किती वर्षं लागली? एकोणचाळीस. १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला, १ जुलै १९२४ पासून लागू. तोवर पहिलं महायुद्ध झालं होतं, जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटना उभी राहिली होती, आणि मध्यवर्ती कायदेमंडळात ना. म. जोशी कामगारांची बाजू मांडायला बसले होते.

हा कायदा मला सुंदर वाटतो. इंजिनियरच्या डोळ्यांनी बघितला तर फारच. यात चूक सिद्ध करायची भानगड नाही. 'नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात' अपघात झाला का, एवढाच प्रश्न. उत्तर हो असेल तर पुढे हिशेब. कुठल्या अवयवाने कमावण्याची ताकद किती टक्के गेली याचा तक्ताच आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के. मृत्यू झाला तर, आजच्या रूपात, पगाराच्या निम्म्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं. वय ३० असेल तर गुणक २०७.९८. वाचताना अंगावर काटा येतो, माणसाचा असा दर लावलेला बघून. पण बोरघाट आठवा. तिथे दर नव्हता म्हणून मोजणीच नव्हती. दर आला आणि मालकाला पहिल्यांदा अपघाताचा खर्च वहीत लिहावा लागला. खर्च वहीत आला की माणूस तो कमी करायच्या मागे लागतो, हे आपण रोज बघतो.

रेल्वेचे नोकर या कायद्यात पहिल्यापासून होते. आणि त्यात एक बारावं कलम होतं. तुमचं काम तुम्ही कंत्राटदाराकडून करून घेत असाल, तर त्याच्या मजुराला झालेल्या इजेची भरपाई मूळ मालकानेही द्यायची, नंतर पाहिजे तर कंत्राटदाराकडून वसूल करायची. म्हणजे फॅव्हिएल, उपकंत्राटदार, मुकादम ही जी उतरंड बोरघाटात होती, ती ओलांडून थेट वर जायची वाट कायद्याने ठेवली. वाट किती लोक चालले हा वेगळा प्रश्न. त्यासाठी मजुराला आधी कळायला हवं की तो कोणासाठी काम करतोय.

इथे परत जेऊरला येतो. माझ्या आत्याचे यजमान जेऊरच्या बाजूला गँगमन होते. (आता त्या पदाला ट्रॅक मेंटेनर म्हणतात. तोंडात मात्र गँगमनच.) रिटायर झाले त्याला बरीच वर्षं झाली. मागे दिवाळीला त्यांना कामाबद्दल विचारलं. काही वर्षं ते कीमन होते, म्हणजे हद्दीतला रूळ रोज चालत तपासायचा, ढिली झालेली चावी हातोड्याने ठोकून बसवायची, फिशप्लेटचे बोल्ट बघायचे. खांद्यावर हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी आणि पटाखे. हे पटाखे म्हणजे रुळाला बांधायचे, इंजिन वरून गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर सावध होतो.

"मामा, मागून गाडी आली तर कळायचं कसं?" मी विचारलं.

"कान हायेत की. आन् कानाच्या आधी पायाला कळतंय. रूळ थरथरतो रं."

"आणि वारं उलटं असलं तर?"

"तर मग बघायचं सारखं मागं वळून. दुसरं काय?"

मामांच्या वेळी इथे एकच लाईन होती आणि डिझेल इंजिनं होती. आवाज लांबून यायचा. आता दौंड ते सोलापूर दुहेरी मार्ग झालाय, वीजही आली. प्रवासी म्हणून आपल्याला चांगलंच आहे, क्रॉसिंगला तासभर ताटकळणं गेलं. पण कीमनच्या जागी उभं राहून बघा. एका रुळावरून मालगाडी खडखडत चाललीय, आणि तिच्या आवाजात दुसऱ्या रुळावरची इलेक्ट्रिक गाडी शंभरच्या वेगाने येतीय. शंभर किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ अठ्ठावीस मीटर. वळणावर तीनशे मीटरवर दिसली तर हातात अकरा सेकंद. त्यात हातोडा उचलायचा, बाजू ठरवायची आणि उडी मारायची. यंत्र सुधारलं, वेग वाढला, आणि ज्या कानांवर पूर्वी भागत होतं ते कान अपुरे पडले. सुधारणेचा फायदा एकाला, आणि वाढलेला धोका दुसऱ्याला. असं होऊ नये म्हणून कोणीतरी मुद्दाम बसून विचार करावा लागतो.

असा विचार एकदा नीट झाला. २०११ मध्ये रेल्वे सुरक्षेवर अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अणुऊर्जेतला माणूस मुद्दाम बाहेरून आणला. फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल आला. त्यातले आकडे असे. २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात रेल्वे अपघातांत साधारण हजारभर प्रवासी गेले. आणि त्याच काळात कामावर असताना मेलेले रेल्वे कर्मचारी? सुमारे सोळाशे. जखमी सुमारे ८,७००.

प्रवाशांचा अपघात झाला की पहिल्या पानावर येतो, मंत्री हेलिकॉप्टरने येतात, राजीनाम्याची मागणी होते. गँगमन एकेकटे जातात. आज केमला एक, पुढच्या महिन्यात कुठेतरी दुसरा, अशा आतल्या पानावर दोन ओळी. बेरीज केल्याशिवाय तो आकडा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. समितीने बेरीज केली. त्यानंतर गाडी जवळ आल्याचा इशारा देणारी 'रक्षक'सारखी हातात धरायची उपकरणं ट्रॅकवरच्या लोकांसाठी आली. ती सगळ्यांपर्यंत पोचणं आणि रोज चार्ज होऊन चालणं ही पुढची लढाई. आपल्या क्षेत्रातही डेमो एका दिवसात होतो आणि रोलआऊटला तीन वर्षं लागतात.

सुरक्षेच्या शास्त्रात एक साधी उतरंड सांगतात. सगळ्यात उत्तम म्हणजे धोकाच काढून टाका. ते जमत नसेल तर यंत्र असं बनवा की चूक झाली तरी माणूस वाचेल. त्यानंतर नियम आणि वेळापत्रक. सगळ्यात शेवटी हेल्मेट, बूट आणि 'सावध राहा'ची पाटी. आपण नेमकं उलटं करतो, आधी पाटी लावतो.

याचं शेतातलं उदाहरण म्हणजे मळणीयंत्र. हरितक्रांतीनंतर मळणीयंत्रं गावोगाव पोचली आणि कणसं आत सारता सारता लोकांचे हात जाऊ लागले. सगळे म्हणायचे, माणसं निष्काळजी आहेत, झोपाळलेली असतात, दारू प्यायलेली असतात. दिल्ली आय.आय.टी.च्या दिनेश मोहन यांच्यासारख्या संशोधकांनी अपघात मोजले, यंत्रं मोजली, आणि दाखवलं की पीक आत सारायची घसरण आखूड आणि उघडी असली की हात ड्रमपर्यंत पोचतो. मग मानक ठरलं. घसरण किमान ९० सेंटिमीटर लांब, त्यातली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली. माणूस झोपेत असला तरी हात तिथवर जात नाही. १९८३ साली धोकादायक यंत्रांवर कायदाही झाला. निष्काळजीपणावर भाषण द्यायचं की पत्रा वाढवायचा? पत्रा स्वस्त पडतो.

आज जेऊरच्या आजूबाजूला उजनीच्या पाण्यावर ऊस आणि केळी आहेत. हंगामात स्टेशनच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. हा ऊस तोडायला मराठवाड्यातून टोळ्या येतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. उचल मुकादमाकडून, हिशेब मुकादमाकडे, कारखाना लांब कुठेतरी. ही उतरंड ओळखीची वाटली ना? बोरघाटचीच आहे. पाचटाने डोळे फुटणं, कोयत्याचे घाव, साप, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणं, पहाटे उलटलेली ट्रॉली. आणि खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीचा त्रास नको असं सांगून पिशवीच काढून टाकलेल्या बाया. हेही वर्षानुवर्षं गावात सगळ्यांना माहीत होतं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण दर सहांत एक. मोजल्यावर हा प्रश्न विधिमंडळात आणि पेपरात आला. मोजण्याआधी ती बायकांची आपापसातली कुजबुज होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या. १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, १९४८ चा कारखाने कायदा आणि आणखी बारा कायदे सुरक्षा-आरोग्य संहितेत. नेमणूकपत्र आणि मोफत आरोग्य तपासणी या त्यातल्या चांगल्या गोष्टी. पण कारखाना कशाला म्हणायचं याची मर्यादा, विजेवर चालत असेल तर, दहा कामगारांवरून वीसवर गेलीय. म्हणजे पंधरा माणसांचा कारखाना काल त्या व्याख्येत होता आणि आज नाही. १८८१ ला आपण शंभरपासून सुरुवात केली होती आणि खाली खाली येत होतो. यावर मतं वेगळी असू शकतात, लहान उद्योजकांचे त्रासही खरे आहेत. माझं म्हणणं एवढंच, की मर्यादा वर गेली की मोजणीतून माणसं गळतात, आणि न मोजलेल्या माणसांचं काय होतं हे बोरघाटाने दाखवून ठेवलंय.

हे सगळं रुळावरचं आणि उसाच्या फडातलं, आपला काय संबंध, असं कोणाला वाटेल. आपल्या धोक्यांची यादी म्हणजे मान, मनगट आणि ढेरी. माझ्या कंपनीत खुर्चीत कसं बसावं याचं दोन तासांचं ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेटसुद्धा मिळालं. पण त्याच बिल्डिंगच्या काचा पुसणारी पोरं नवव्या मजल्यावर दोराला लटकलेली असतात. आपल्या मीटिंग रूमच्या काचेपलीकडे, हातभर अंतरावर. बोरघाटाच्या कड्यावरही माणसं अशीच दोराने सोडलेली होती. ती पोरं कंपनीची नसतात. ती फॅसिलिटीवाल्याची असतात, आणि फॅसिलिटीवाल्याने दिलेल्या पोटकंत्राटदाराची असतात.

सोमवारी ऑफिसला गेलात तर अ‍ॅडमिनवाल्याला एकच प्रश्न विचारा. भांडायला नको, चहा पिताना सहज विचारा. या पोरांची नावं आपल्याकडे कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिलेली आहेत का? उत्तर हो आलं तर फारच छान. नाही आलं, तर ती लिहायला लावणं काही फार अवघड काम नाही. एक एक्सेल शीट पुरते.